ऑर्डर आहे

माझ्या तोंडून आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा कुठला इंग्रजी शब्द गेला असेल, तर तो ऑर्डर. कालव्याच्या कचेरीत कारकुनी करत केस पांढरे केले. कचेरी उघडली की हा शब्द सुरू आणि कुलूप लागलं की बंद. आता निवृत्तीनंतर मी तो होता होईल तो टाळतो. हॉटेलात वेटर येऊन "ऑर्डर काय, आजोबा?" म्हणतो, तेव्हा मी नुसतं "चहा" म्हणतो आणि रस्त्याकडे बघत बसतो. त्याला वाटतं, म्हातारा तुसडा आहे. तुसडा मी आहेच, पण कारण वेगळं आहे आणि ते आज एकदाचं लिहून टाकतो.

आमचं मूळ गाव इंदापूरकडचं. तिथं हा शब्द पहिल्यांदा पोस्टमनच्या पिशवीतून आला. ज्यांचं कुणी मुंबईला गिरणीत होतं त्यांच्या घरी मनीऑर्डर येई. बोलताना 'मनी' गळून पडला आणि 'आडर' तेवढी राहिली. "आडर आली का गं?" असं बायका विहिरीवर एकमेकींना विचारत, आणि जिची आली असेल ती घागर जरा ऐटीत उचले. त्यामुळे लहानपणी माझ्या लेखी ऑर्डर ही वाट बघावी अशी चांगली गोष्ट होती. पुढे शाळेत कवाईत शिकवायला पलटणीतून परतलेले एक मास्तर आले. त्यांनी ऑर्डर सोडली की पाय उचलायचा, का ते विचारायचं नाही. ज्यानं विचारलं त्याच्या पोटरीवर छडी बसे. मी कधी विचारलं नाही, म्हणून मी मास्तरांचा लाडका होतो.

मॅट्रिकच्या वर्षी शब्दकोश हाती आला तेव्हा या शब्दापुढे अर्थांची रांगच दिसली. हुकूम, मागणी, क्रम, आणि शेवटी कुठेतरी 'ज्याची त्याची वस्तू जागच्या जागी असणे'. मला त्याची मोठी गंमत वाटली. या न्यायानं माझ्या आईची मांडणीवरची पितळी भांडी कायम ऑर्डरमध्ये होती, आणि तिला बिचारीला त्याचा पत्ताच नव्हता. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "बरं, मग त्या ऑर्डरीतला तांब्या घे आणि म्हशीची धार काढायला मला पाणी आणून दे."

सन तीसनंतरच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. बारामतीला कालव्याच्या कचेरीत मला चिकटवून घेतल्याचा कागद आला. त्याच्या डोक्यावर तोच शब्द छापलेला होता. आईनं त्या कागदाला हळदकुंकू लावलं आणि तो दोन दिवस देवापुढे ठेवला. तिसऱ्या दिवशी कुंकवाचा डाग पडलेला तो कागद घेऊन मी कामावर हजर झालो. हेडक्लार्क हसले, पण मला त्याची लाज वाटली नाही. उलट छाती फुगली होती.

हुकूम हा शब्द आमच्याकडे पहिल्यापासूनच होता. पण हुकमाला तोंड असे. हुकूम म्हटलं की कुणाचा, असं विचारता येई. मामलेदाराचा, पाटलाचा, नाहीतर घरात सासूचा. मग त्या माणसापुढे जाऊन रडता येई, भांडता येई, फार तर त्याला शिव्या देता येत. ऑर्डरीला तोंड नव्हतं. ती 'वरून' येई, आणि वर म्हणजे कुठं, हे कुणालाच नीट ठाऊक नसे. कचेरीत पहिल्या महिन्यात मी शिकलो ते एवढंच. पाण्यासाठी हुज्जत घालणारा शेतकरी कितीही तापलेला असो, "ऑर्डर नाही" म्हटलं की तो निवे. बापाच्या वयाची माणसं माझ्यापुढे पागोटं सावरत गप्प उभी राहत. त्या वेळी मी बावीस वर्षांचा होतो आणि मला शिंगं फुटली होती.

कालव्याला ठिकठिकाणी फाटे होते. फाट्याच्या तोंडाशी लोखंडी गेट, आणि गेटाशेजारी दगडी चौकी. तिथं पाटकरी राही. गेट वर-खाली करायचं आणि कुणाला किती पाणी जातं ते बघायचं, हे त्याचं काम. आमच्या हाताखाली लासुर्णेच्या बाजूच्या एका फाट्यावर जो पाटकरी होता, त्याला सगळे तात्या म्हणत. साठीकडे झुकलेला, काटक, कमरेला विळा आणि हातात स्वतःच्या उंचीची काठी. लिहिता-वाचता येत नसे. पण पाणी कुठं मुरतंय आणि कुठं चोरीला जातंय, हे तो बांधावर बसून नुसत्या आवाजावरून सांगे.

उन्हाळ्यात महिना-दीड महिना कालवा बंद असे. गाळ काढायचा, फुटलेले बांध लिंपायचे. मग एक दिवस पाणी सुटे. कोरड्या फाट्यात सोडलेलं पहिलं पाणी धावत नाही. ते माणसाच्या चालीनं येतं. पुढे काटक्या, बाभळीचे काटे, पाला, मेलेला एखादा साप, असा सगळा कचरा ढकलत येतं. त्या पाण्याच्या पुढे पाटकऱ्यानं चालायचं, अशी तिथली जुनी रीत होती. गेट उघडलं की तात्या फाट्याच्या कोरड्या तळात उतरे आणि काठी आपटत चालू लागे. "पानी आलं, पानी आलं" असा त्याचा पुकारा लांबवर जाई. तळात खेळणारी पोरं, झिरा खणून प्यायचं पाणी भरणाऱ्या बाया, सावलीला बसलेल्या शेळ्या, सगळ्यांना तो वर काढी. काट्यांचा ढीग अडकलेला दिसला की विळ्यानं ओढून बाजूला करी. मागून पाणी येई, पुढे तात्या जाई. हे काम कुठल्याही कागदात लिहिलेलं नव्हतं. त्याच्या बापानं केलं होतं म्हणून तो करी.

चौकीपासून दीड कोसावर एक ओढा फाट्याला आडवा जात होता. ओढा वरून आणि फाटा खालून, अशी बांधीव मोरी होती. चाळीस पावलं लांब, आत अंधार आणि भर उन्हाळ्यातही गारवा. कालवा बंद असला की एक बाई दुपारी तिथं झोपायला जाई. जन्माची मुकी-बहिरी, पन्नाशीची, एका पायानं अधू. बांधाचं गवत कापून ती भारा टांगेवाल्यांना विके. तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं. लोक तिला मुकी म्हणत. तिचं खरं नाव मलाही कधी कळलं नाही. तात्याच्या पुकाऱ्याचा तिला उपयोग नव्हता. म्हणून तो दर वेळी मोरीत शिरे, काठीनं तिच्या तळव्याला हळूच टोचे आणि तिला उठवून, हाताला धरून काठावर नेई. मग दोघं वर बसून खालून पाणी जाताना बघत. एकदा पाहणीला गेलो असताना मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. ती हातानं पाण्याची चाल करून दाखवत होती आणि तात्या हसत होता.

त्या वर्षी नवे साहेब आले. फाट्याच्या शेवटच्या शेतांना पाणी पोचत नाही, अशा तक्रारी होत्या आणि साहेबांना त्याचा छडा लावायचा होता. विचार चांगलाच होता. त्यांनी गेटाजवळ फुटांचे आकडे रंगवलेली पट्टी बसवून घेतली आणि ऑर्डर काढली. पाणी सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाटकऱ्यानं सकाळ, दुपार, संध्याकाळ पट्टीवरची खूण पाहून ठेवावी, एवढाच तिचा मजकूर. मी त्याचं मराठी केलं, दोन नकला काढल्या आणि सायकलवर टांग टाकून त्या पोचवायला निघालो.

पाणी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुटणार होतं. चौकीत बसून मी कागद मोठ्या आवाजात वाचला, आणि वाचताना अधूनमधून मूळ इंग्रजीही ऐकवलं. त्याची काही गरज नव्हती. तात्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

मग तो म्हणाला, "पट्टी बगायची, ते झ्याक हाय. पर भाऊसाहेब, पान्याम्होरं कवा जायाचं?"

कागदात त्याबद्दल अक्षर नव्हतं. पहिल्या दिवशी पट्टी बघायचीच नव्हती, म्हणजे तात्या नेहमीसारखा जाऊ शकत होता. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. निदान "मला माहीत नाही, साहेबांना विचारून सांगतो" एवढं म्हणता आलं असतं. पण एवढं इंग्रजी वाचून दाखवल्यावर मला माहीत नाही, असं एका अंगठेबहाद्दराला सांगायचं, हे माझ्या जिवावर आलं.

मी म्हणालो, "आता ते बंद. गेट सोडून हलायचं नाही."

"मोरीत मुकी असती की. तिला हाळी ऐकू येत न्हाय."

"ती काय आपल्या खात्यात नोकरीला आहे?"

तात्या काठीनं जमिनीवर रेघा ओढत राहिला. "तसं न्हाय. पर मानूस हाय. मी जातो आन् बिगीनं म्हागारी येतो. कुनाला कळायचं बी न्हाय."

"तात्या," मी म्हणालो, "ऑर्डर आहे."

मी पुढे केलेल्या शाईच्या गादीवर त्यानं अंगठा टेकवला आणि कागदावर उमटवला; दुसरी नक्कल मी त्याच्याजवळ ठेवली. परतताना ती मोरी माझ्या वाटेवरच होती. सायकल थांबवून आत डोकावलो असतो, मुकीला खुणेनं सांगितलं असतं, तर मोजून पाच मिनिटं गेली असती. ऊन फार होतं आणि मला जेवायला घरी पोचायचं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला गेट उघडलं. तात्या पट्टीसमोर बसून राहिला. ओळखीचा कुणी जाताना दिसला तर त्याच्याबरोबर निरोप धाडावा, म्हणून तो सारखा रस्त्याकडे बघत होता, असं नंतर शेजारच्या मळ्यात खाटेवर पडून असलेल्या म्हाताऱ्या माळ्यानं सांगितलं. बारामतीचा आठवड्याचा बाजार होता. माळवं घेऊन सगळे पहाटेच गेले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाणी सुटून थोडा वेळ झाल्यावर तात्या उठला आणि वाटेपर्यंत गेला. पुन्हा येऊन बसला. असं तीनदा केलं म्हणे.

मुकी संध्याकाळी सापडली. गाळ काढणाऱ्यांनी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या तळातच टाकून दिल्या होत्या. पहिल्या पाण्यानं त्या ढकलत नेल्या आणि मोरीच्या पलीकडच्या तोंडाशी त्यांचा ढीग अडकला. दर वर्षी असा ढीग तात्या विळ्यानं ओढून काढी. पाणी अंगाखाली आल्यावर ती जागी झाली असणार, कारण ती झोपल्या जागी नव्हती. अंधारात ती पाण्याबरोबर पुढे सरकत काट्यांपर्यंत आली होती. तळहात फाटले होते. तिनं काटे उपसायचा प्रयत्न केला होता, हे बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं. गवताचा भारा तेवढ्यातही तिनं पाठीला बांधून घेतला होता. ओरडता तर तिला येतच नव्हतं.

पंचनाम्यात अपघात लिहिलं गेलं. पण आठ दिवसांनी साहेबांनी स्वतः चौकशी लावली. माणूस न्यायी होता, त्यांना त्या बाईचं वाईट वाटलं होतं. कचेरीच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. तात्या खाली उभा राहिला. जबाब लिहून घ्यायला टेबलाच्या कडेला मी बसलो.

"दर वर्षी तू पाण्यापुढे चालत जातोस. या वर्षी का गेला नाहीस?" साहेबांनी विचारलं.

"आडर व्हती, सायेब."

साहेबांनी नक्कल हातात घेतली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. "यात कुठं आहे तसं? दुसऱ्या दिवसापासून पट्टी बघ, एवढंच आहे. जाऊ नको असं तुला कुणी सांगितलं?"

तात्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. घरातलं मोठं माणूस लहानाकडे बघतं, आता तू बोल म्हणून, तसं. माझा टाक दौतीत होता. तो मी तिथंच धरून ठेवला. व्हरांड्यात हेडक्लार्क होते, शिपाई होता, गावचे दोन पंच होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र देवापुढचा तो कुंकवाचा कागद आला आणि मी मूग गिळून बसलो.

"बोल, कुणी सांगितलं?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

तात्यानं नजर खाली घेतली. मग मी टाक उचलला आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं की, पाटकऱ्यास या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. आजवर मी हजारो ओळी लिहिल्या असतील. तेवढी एक ओळ मला अजून जशीच्या तशी दिसते.

त्याला कामावरून काढल्याची ऑर्डर मीच तयार केली आणि मीच पोचवली. तो चौकीतलं सामान आवरत होता. सामान म्हणजे एक वाकळ, दोन मडकी आणि देवाचा टाक. मी कागद पुढे केला. त्यात काय आहे, ते त्यानं विचारलं नाही. अंगठा पुढे केला. मी गादी उघडायला विसरलो होतो, ती त्यानंच उघडून धरली.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं, ते मला नीट सांगता येणार नाही. काम चोख करत होतो. साहेब माझ्यावर खूश होते आणि बढती देऊन मला इंदापूरला पाठवायचं घाटत होतं. घरात आई माझ्यासाठी मुली बघत होती. मी मात्र भाकरी मोडली की तळहात बघायचो. मला माझी किळस येत होती, आणि ती कुणाला सांगायची हिंमत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात कालवा पुन्हा बंद झाला आणि पुन्हा पाणी सुटायचा दिवस आला. मी कामाचं निमित्त काढून सायकल घेतली आणि थेट मोरी गाठली. आत कुणी नव्हतं. असणार कोण? तरीही मी वरच्या बांधावर उन्हात उभा राहिलो. बाराच्या सुमाराला लांबून काठीचा आवाज आला. पाठोपाठ हाळी ऐकू आली, जरा बसक्या आवाजात, पण तीच.

तात्या तळातून चालत येत होता. गेटावर आता दुसरा पाटकरी होता, पट्टीसमोर मांडी घालून बसलेला. तात्याला ना पगार ना चौकी. आता तो भावकीतल्या कुणाच्या गोठ्यात राही आणि दुसऱ्याच्या मळ्यात खुरपणी करी, असं कानावर आलं होतं. त्यानं मला पाहिलं, पण तो थांबला नाही. मोरीत शिरला. आत काठी फिरवल्याचा आवाज येत राहिला, भिंतीला, तळाला, कोपऱ्यांत. बऱ्याच वेळानं तो पलीकडून बाहेर आला. तोंडाशी अडकलेले काटे त्यानं विळ्यानं ओढून बांधावर टाकले. मी खाली उतरून हात लावू लागलो. त्यानं नको म्हटलं नाही.

काटे ओढता ओढता मी बोललो. वर्षभर घोकलेलं वाक्य, पण तोंडातून तुकड्या-तुकड्यांनी आलं. "तात्या, त्या कागदात तसं काही नव्हतं. गेट सोडायचं नाही, हे मी माझ्या मनानं सांगितलं."

"ठावं हाय."

"कधी कळलं?"

"चौकशीच्या आदल्या दिशी. शाळंतल्या मास्तरास्नी वाचाया लावला कागूद."

"मग साहेबांपुढे का नाही बोललात? माझं नाव का नाही घेतलं?"

त्यानं विळा पागोट्याच्या टोकाला पुसला. "घिऊन काय झालं असतं? तुमी तोंडानं सांगितलं. बसलो मीच. पाय माझं व्हतं, भाऊसाहेब. तीन बारी उठलो आन् तीन बारी बसलो."

पाणी मागून जवळ येत होतं, पाला सरसरल्याचा आवाज येऊ लागला होता. क्षमा मागायची होती, पण ती ज्या माणसाकडे मागायची ती बाई तिथं नव्हती. मी नुसतं म्हणालो, "आता तुम्हाला कामावरून काढलंय. कुणी सांगितलेलं नाही. मग या उन्हात कशाला चालता?"

तात्या काठी घेऊन पुढच्या वळणाकडे निघाला होता. मागं वळून त्यानं माझ्याकडे पाहिलं. समजूत घातल्यासारखा म्हणाला, "आता आडर न्हाय न्हवं. आता जाता येतं."